रील छान आहे, पण नंबर कुठंय?

दिवाळीनंतर सुरतहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न अमळनेरला ठरलं होतं आणि फोटोवाला हवा होता. तिनं इन्स्टाग्रामवर एक खातं शोधून काढलं होतं. "काम एकच नंबर आहे भाऊ, पण हा पोरगा राहतो कुठं तेच कळेना." मी खातं उघडून पाहिलं. हळदीच्या एका रीलमध्ये नवरीची आजी पदरानं डोळे पुसता पुसता मध्येच हसते. ते त्यानं इतकं बरोब्बर टिपलं होतं, की मी दोनदा पाहिलं. मग वर जाऊन बायो वाचला: कॅमेऱ्याचं चित्र, सिंहाचं चित्र, स्वतःच्या वाढदिवसाची तारीख आणि 'आपलं कामच बोलतं'. गावाचं नाव नाही, फोन नंबर नाही. बहिणीनं त्याला मेसेज पाठवला होता, तो चार दिवस तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी तिनं दुसऱ्याला ॲडव्हान्स देऊन टाकला. पुढे कळलं, पोरगा पारोळ्याचा होता. अमळनेरहून फार तर अर्धा तास.

मी जळगावात बारा वर्षं डिझाइनचं सुटं काम करतोय. सुरुवात झाली ती गोलाणी मार्केटमधल्या एका गाळ्यात लग्नपत्रिका जुळवण्यापासून. आता घरूनच चालतं. आई अजूनही शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरवर काहीतरी करतो" एवढंच सांगते. या बारा वर्षांत फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, लिंक्डइन अशा सगळीकडे वेळ घातला, त्यातला बराच वाया गेला. उरलं ते इथे सांगतोय. फोटोग्राफर, मेंदी काढणाऱ्या, व्हिडिओ एडिटर, अनुवादक, घरून टॅलीची कामं करणाऱ्या, क्लास घेणाऱ्या अशा कोणालाही त्यातलं काही ना काही उपयोगी पडावं.

आपल्याकडे काम ओळखीतून येतं, आजही. "तो अमक्याचा पोरगा, त्यानं तमक्याच्या दुकानाचं काम केलं होतं, बघ त्याला विचारून." फरक पडलाय तो याच्या पुढच्या पायरीवर. पूर्वी माणूस नाव ऐकून थेट दारात यायचा, आता तो आधी मोबाइलमध्ये तुमचं नाव टाकतो. म्हणून तुमचं खातं हे मुख्यतः अर्धवट ओळखीच्या माणसासाठी असतं. त्यानं नाव ऐकलंय, विश्वास बसायचाय. त्याला चार प्रश्न असतात: हा काय काम करतो, कुठला आहे, आधी कोणाचं काम केलंय आणि याला गाठायचं कसं. त्याची उत्तरं अर्ध्या मिनिटात मिळाली पाहिजेत. लाखभर व्ह्यू आले तरी ती मिळत नसतील, तर पारोळ्याच्या पोरासारखं होतं.

इन्स्टाग्रामवर एक सोपी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. प्रोफाइलमध्ये नावाचा जो रकाना असतो, त्यातले शब्द शोधात येतात. तिथे नुसतं स्वतःचं नाव टाकण्यापेक्षा नावापुढे 'मेंदी आर्टिस्ट धुळे' असं लिहा. गावाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिपींत कुठंतरी असू द्या, कारण पुण्यातला भाचा ते इंग्रजीतच शोधणार. धुळेकरांना एक वेगळी सूचना. 'गल्ली नंबर ५' एवढा पत्ता धुळ्यात पुरतो, बाहेरच्याला काहीच कळत नाही. शहर आणि जवळची ठळक खूण लिहा. खातं 'प्रोफेशनल' प्रकारात बदलून घ्या. पैसे लागत नाहीत आणि फोन लावायचं बटण तिथेच मिळतं.

एवढं सांगूनही माझं पहिलं मत व्हॉट्सॲपलाच. खान्देशात पैसे देणारा माणूस तिथे आहे. सराफ बाजारातले, दाणा बाजारातले, एमआयडीसीतले डाळमिलवाले, चटईवाले, पाइपवाले हे सगळे व्हॉट्सॲपवर व्यवहार करतात. त्यांच्या घरात माझ्या बघण्यात एक ठरलेली पद्धत आहे: शोध मुलगा घेतो, निर्णय वडील घेतात. मुलाला इन्स्टाग्रामची लिंक पाठवायची आणि वडिलांना व्हॉट्सॲपवर चार पानांची पीडीएफ. वडिलांना रील पाठवून काम मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, २०१८ पासून फुकट मिळतंय. साध्या व्हॉट्सॲपवर नातेवाइकांचे सुप्रभात आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर एकाच रांगेत येतात आणि ऑर्डर खाली जाते. दुसरं सिम घेऊन बिझनेस ॲप त्यावर टाका. त्यात कॅटलॉग भरता येतो, तो मात्र नीट भरा. 'लग्नपत्रिका डिझाइन' एवढं लिहून भागत नाही. माझ्या कॅटलॉगातली एक नोंद अशी आहे: 'लग्नपत्रिका, दोन पानी, मराठी. मजकूर तुम्ही द्यायचा. दोन वेळा दुरुस्ती धरून. छपाई वेगळी. पहिला नमुना तीन दिवसांत.' खाली 'इतक्यापासून पुढे' असा दर. दर लिहावा की लिहू नये यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत. मी लिहिण्याच्या बाजूचा. ज्याला तो जास्त वाटतो तो तिथूनच परत जातो आणि दोघांचा अर्धा तास वाचतो.

ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण घेता येतात, पण तुमचा नंबर ज्यानं सेव्ह केलेला आहे त्यालाच मेसेज पोहोचतो. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचे नंबर हवेत. त्यामुळे शंभर नंबर गोळा केले याला काही अर्थ नाही, तुमचा नंबर किती जणांच्या फोनमध्ये नावानिशी आहे ते बघा. मी काम पोहोचतं केलं की शेवटच्या मेसेजमध्ये माझं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवतो आणि लिहितो, "नंबर सेव्ह करून ठेवा काका, फाइल परत लागली तर मागता येईल." काका ठेवतात. सहा महिन्यांनी त्यांच्या पुतण्याच्या दुकानाचं उद्घाटन निघतं तेव्हा माझं स्टेटस त्यांना दिसलेलं असतं. भावकीच्या ग्रुपवर जाहिरात टाकायचा मोह मात्र आवरा. तिथे अंगठे भरपूर मिळतात आणि त्यानंतर "घरचंच आहे, काय घेशील" असा फोन येतो.

आता इन्स्टाग्रामवर काय टाकायचं. झालेलं काम टाकतात सगळेच, होत असलेलं काम फार थोडे टाकतात. मेंदी पूर्ण झालेला हात हजार ठिकाणी दिसतो. कोन भरण्यापासून बोटाच्या टोकापर्यंतचे वीस सेकंद दाखवले, तर बघणाऱ्याला हात किती सफाईनं चालतो ते दिसतं. चटईच्या एका कारखान्याचं कॅटलॉग करताना मी जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून टाकलं. ते पाहून चटईवाल्या दुसऱ्याच कारखान्यातून फोन आला. लाइक होते एकोणचाळीस. ज्यांचं काम केलं त्यांच्याबरोबर 'कोलॅब' पोस्ट करता आली तर करा. तीच पोस्ट त्यांच्याही खात्यावर दिसते. दुकानदाराची ओळखीची माणसं तुमच्यापर्यंत आणायला याहून स्वस्त रस्ता नाही.

भाषेचा मुद्दा मला जरा लांबवायचाय. आपल्याकडची पोरं कॅमेरा सुरू झाला की एकदम पुण्याची होतात. "नमस्कार मित्रांनो" म्हणतात आणि आवाज बदलतो. कशासाठी? सचिन कुमावत यांचं 'केसावर फुगे' हे अहिराणी गाणं खान्देशाबाहेरच्या, अहिराणीचा एक शब्द न कळणाऱ्या लोकांनीही रीलवर नाचून नाचून गाजवलं. सुरतेत, पुण्यात, नाशकात आपली माणसं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांच्या कानावर गावची बोली पडली की बोट थांबतं. तावडी असो, लेवा बोली असो, अहिराणी असो, जी घरात बोलता ती बोला. अर्थात काम कोणतं त्यावरही हे आहे. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या निर्यात विभागाला अहिराणी रील पाठवू नका. पण लग्नाचे फोटो, मेंदी, बिबड्या-पापड, खापरावरचे मांडे यांना तीच भाषा शोभते.

आणि वेळ. लग्नाचे मुहूर्त चातुर्मासात नसतात, तेव्हा आमचे फोटोवाले मित्र कॅमेरे पुसत बसतात आणि खातंही झोपवतात. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला की रात्री दोनला घरी येऊन घाईघाईत पोस्ट टाकतात. हे उलटं करायला हवं. सुरत-पुण्याची माणसं कानबाईला गावी येतात, दिवाळीला येतात, आखाजीला येतात. ओट्यावर बसून लग्नं तेव्हाच ठरतात आणि "फोटोवाला कोण?" हा प्रश्नही तेव्हाच निघतो. सीझनमध्ये काढलेलं सगळं साठवून ठेवा आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत आठवड्याला दोन या बेतानं सोडत राहा. बाकी रोज पोस्ट टाकली पाहिजे, अमुक वाजताच टाकली पाहिजे, तीस हॅशटॅग लावले पाहिजेत वगैरे गोष्टींमागे मी वर्षभर धावलो. फारसा फरक दिसला नाही. फॉलोअर विकत घेऊ नका, एवढं सांगून तो विषय सोडतो.

फोटोग्राफरांसाठी एक कायद्याची गोष्ट, कारण यावरून भांडणं झालेली पाहिलीत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोंचा पहिला मालक फोटो काढायला लावणारा असतो. म्हणजे नवरीचे फोटो तिला न विचारता तुमच्या खात्यावर टाकणं हे शिष्टाचाराच्या बाहेर आहेच, हक्काच्याही बाहेर आहे. बुकिंगच्या वेळीच एक ओळ लिहून घ्या: 'निवडक फोटो आमच्या कामाचा नमुना म्हणून वापरायला संमती आहे / नाही.' नाही म्हटलं तर नाही. काही घरांत सुनेचे फोटो इंटरनेटवर गेलेले चालत नाहीत. त्यांना हात, दागिने, मंडप यांचे फोटो टाकू का, असं विचारा. बहुतेक हो म्हणतात.

सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे धुळे जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. जामदे गावचे दिनेश पवार आणि त्यांचं कुटुंब नाचाच्या व्हिडिओंमुळे टिकटॉकवर देशभर माहीत झालं होतं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं आणि जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. घरात रडारड झाली, असं त्यांनीच तेव्हा बातमीदारांना सांगितलं होतं. आता यूट्यूबवर जाऊ, असंही सांगितलं होतं. आपलं खातं बंदीनंच जाईल असं नाही. हॅक होतं, पासवर्ड विसरतो, कोणी तक्रार करून बंद पाडतं. म्हणून दोन गोष्टी आजच करा. खात्याला दुहेरी पडताळणी लावा. आणि गिऱ्हाइकांची नावं, नंबर, केलेलं काम, तारीख एका वहीत उतरवा. वही म्हणजे खरोखरची वही, दोनशे पानी. माझी तिसरी चालू आहे.

बाहेरगावच्या, बाहेरदेशीच्या कामासाठी लिंक्डइन. तिथे आपली मुलं नावाखाली 'फ्रीलान्सर, ड्रीमर, लर्नर' असं लिहितात. कंपनीतल्या ज्या बाईला बँकेच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करून हवाय, ती 'ड्रीमर' शोधत नसते. धुळ्यातल्या देवपुरातला माझा एक मित्र अनुवाद करतो. त्यानं मथळा बदलून 'इंग्रजी-मराठी अनुवाद: बँक आणि विमा' असं केलं आणि महिन्यातून दोनदा एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या मराठीतली चूक दाखवून ती कशी सुधारता येईल ते लिहायला लागला. कोणाचं नाव न घेता, चेष्टा न करता. आठ महिने काहीच झालं नाही. नवव्या महिन्यात हैदराबादच्या एका एजन्सीचं पहिलं काम आलं. लिंक्डइन असंच आहे, मंद आचेवरचं. चार आठवड्यांत निकाल हवा असेल तर तिकडे जाऊ नका.

आता पैशाचं बोलू. मेसेज येतो तो असा: "भो, एक लोगो पाहिजे होता. किती घेशीन?" याचं उत्तर आकड्यानं दिलं की घासाघीस तिथूनच सुरू होते. मी उलट तीन गोष्टी विचारतो: दुकान कशाचं, लोगो कुठे कुठे लावणार, कधी हवा. मग दर. मग ही ओळ, फोनमध्ये तयारच ठेवलीय: "निम्मी रक्कम आली की काम सुरू करतो. दोन दुरुस्त्या धरलेल्या आहेत. बाकी रक्कम आली की मूळ फाइल. चालेल का? 'हो' असं लिहा." तो 'हो' फार महत्त्वाचा. हे मी ठेच लागून शिकलो. एका दुकानाच्या चौदा पोस्ट मी तोंडी बोलण्यावर करून दिल्या, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. मालक प्रत्येक वेळी चहा पाजायचे. पैसे विचारले तर म्हणाले, "तू तर शिकत होतास ना?" माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. (पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्यांना तर काय सांगणार. रोख घ्या, आधी घ्या, आणि फोटोंचा क्रम त्यांच्याकडूनच लिहून घ्या.)

मोठ्या गिऱ्हाइकांकडे पैसे अडकतात त्यावर एक इलाज आहे, तो सुट्या कामवाल्यांना सहसा कोणी सांगत नाही. उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं दुसऱ्या कोणाचीतरी असतात. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. २००६ च्या एमएसएमई कायद्यात हे आहे. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रार सरकारकडे ऑनलाइन करता येते. नोंदणी मात्र काम देण्याआधीची हवी, भांडण झाल्यावर करून उपयोग नाही. मी आजवर तक्रार एकदाही केलेली नाही. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून कारखान्यांचे अकाउंटंट जरा लवकर फोन उचलतात, एवढं मात्र खरं. जीएसटीचीही उगाच धास्ती असते. नुसती सेवा देत असाल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक सुरतचं असलं तरी. आयकराचं मात्र सीएला विचारा, तिथे कामाच्या प्रकारानुसार नियम बदलतात.

आणि फसवणूक. नंबर जाहीर लिहा म्हणतोय तर हेही सांगायला हवं. अनोळखी माणूस मेसेज करतो, फार घासाघीस करत नाही, तुमच्या दराला लगेच तयार होतो. लष्करात आहे म्हणतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. ॲडव्हान्स पाठवायचा म्हणून क्यूआर कोड पाठवतो आणि "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील" म्हणतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. धुळ्यातल्या एका केटरिंगवाल्या ताईंचे असे साडेनऊ हजार गेले, मुलाच्या फीचे होते. गेलेच, तर क्षणभरही न थांबता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न छान झालं, फोटो ठीकठाक आले. पारोळ्याच्या पोराला मी मेसेज केला होता. अकरा दिवसांनी उत्तर आलं, "धन्यवाद सर, बघितलंच नव्हतं." त्याच्या बायोत आता नंबर आहे, सिंहही आहे. तुमच्या खात्यावर नंबर आणि गाव आहे का, हे पान बाजूला ठेवण्याआधी एकदा बघून घ्या. आणि 'मेसेज रिक्वेस्ट' उघडा. तिथे कोणीतरी वाट बघत असेल.